चिकित्सेचे चार पाद आणि कार्यस्थळीचे मानवी संबंध

‘वैद्यराज, औषध चालू आहे तोपर्यंत बरे वाटते; सोमवार उजाडला की पुन्हा छातीत जळजळ सुरू होते.’ असे सांगणारे रुग्ण आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात येत असतात. अम्लपित्त, शिरःशूल, निद्रानाश, ग्रहणीदोष, त्वग्विकारांचा वारंवार होणारा उद्रेक अशा कितीतरी तक्रारींचा हेतू शोधत गेल्यास तो आहारात अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा रुग्णाच्या कचेरीत, कारखान्यात, शाळेच्या शिक्षककक्षात किंवा बँकेच्या काउंटरमागे दडलेला असतो. वरिष्ठाचे टोचून बोलणे, सहकाऱ्याची चहाडी, केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याने घेणे या गोष्टींची नोंद आपल्या केसपेपरवर क्वचितच होते. ‘चिंता’ हा एक शब्द लिहून आपण पुढील प्रश्नाकडे वळतो.

कार्यस्थळी माणसे एकमेकांशी कशी वागतात आणि त्याचा काम व आरोग्य यांवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या शंभर वर्षांत झाला आहे. त्या अभ्यासाचा परिचय वैद्यबंधुभगिनींना करून द्यावा, त्याची सांगड आपल्या संहितांशी कोठे बसते व कोठे बसत नाही हे पाहावे, आणि शेवटी आपल्याच चिकित्सालयाकडे याच दृष्टीने पाहावे, असा या लेखाचा त्रिविध हेतू आहे. तिसरा भाग लिहिताना आम्हांस संकोच वाटला. परंतु तो टाळला असता तर पहिले दोन भाग लिहिण्याचा अधिकार आम्हांस उरला नसता.

हॉथॉर्नचा प्रयोग

अमेरिकेत शिकागोनजीक सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. तेथे दूरध्वनीची उपकरणे तयार होत. १९२४ साली या कारखान्यात एक साधा प्रश्न घेऊन प्रयोग सुरू झाले : प्रकाश वाढविला तर कामगारांचे उत्पादन वाढते काय? प्रकाश वाढविला, उत्पादन वाढले. पण ज्या गटात प्रकाश वाढविला नव्हता तेथेही ते वाढले. एवढेच नव्हे तर प्रकाश कमी केल्यावरही ते फारसे घटले नाही, असे पुढे सांगितले गेले. अभियंते बुचकळ्यात पडले.

१९२७ साली एका स्वतंत्र खोलीत ‘रिले’ नावाचा छोटा सुटा भाग जोडणाऱ्या पाच तरुणी व त्यांना साहित्य पुरविणारी एक अशा सहाजणींचा गट बसविण्यात आला. त्यांना कधी विश्रांतीची मधली सुटी दिली, कधी अल्पोपाहार दिला, कधी कामाचे तास कमी केले. प्रत्येक बदलानंतर उत्पादन सामान्यतः चढत गेले. नंतर एका टप्प्यावर या सर्व सवलती काढून घेण्यात आल्या. तरीही आठवड्याचे एकूण उत्पादन वरच राहिले. १९२८ पासून या प्रयोगांशी हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो यांचा संबंध आला. मेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला अर्थ असा की, दिवा, सुटी व उपाहार यांपेक्षा वेगळेच काही घडले होते. त्या मुलींना कोणीतरी विचारीत होते, त्यांचे ऐकून घेत होते, त्यांच्यावरचा मुकादमाचा जाच कमी झाला होता आणि त्या एकमेकींच्या मैत्रिणी झाल्या होत्या.

यापुढील टप्पा वैद्यांच्या दृष्टीने सर्वाधिक उद्बोधक आहे. १९२८ ते १९३० या काळात त्या कारखान्यातील सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रारंभी मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारीत. कामगार मात्र विषय सोडून भलतेच बोलत. तेव्हा पद्धत बदलली. कामगाराला हवे ते बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, उपदेश करू नये, वाद घालू नये, असे ठरले. मुलाखती लांबल्या, पण त्यांतून निघालेला निष्कर्ष मोलाचा होता. कामगाराची तक्रार ही बहुधा ‘लक्षण’ असते, ‘हेतू’ नव्हे. खोली कोंदट आहे म्हणणाऱ्याला खिडकी उघडून दिली तरी समाधान होत नाही, कारण त्याचा कोंडमारा दुसऱ्याच ठिकाणी झालेला असतो. शिरःशूलाच्या प्रत्येक रुग्णाला एकच वटी देऊ नये हे ज्या शास्त्राने शिकविले, त्या शास्त्राच्या अभ्यासकांना हा निष्कर्ष परका वाटण्याचे कारण नाही.

१९३१-३२ मध्ये १४ पुरुष कामगारांच्या एका गटाचे केवळ निरीक्षण करण्यात आले. येथे चित्र उलटे दिसले. जास्त काम केल्यास अधिक पैसे मिळत असूनही गटाने आपसांत ठरविलेल्या मर्यादेपलीकडे कोणी काम करीत नसे. जो फार करी त्याची टिंगल होई, जो फार कमी करी त्याचीही होई, आणि वरिष्ठांकडे चुगली करणारा तर सर्वांच्या मनातून उतरे. अलिखित नियम लिखित नियमांपेक्षा बलवान ठरले. रोथलिसबर्जर व डिक्सन यांनी १९३९ साली या सर्व प्रयोगांचा तपशीलवार ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘मानवी संबंध’ ही विचारधारा उद्योगजगतात रुजली.

आक्षेपही ऐकावेत

शास्त्रीय वृत्तीच्या वाचकाने येथेच थांबून चालणार नाही. हॉथॉर्नच्या निष्कर्षांवर पुढे कठोर टीका झाली. त्या सहाजणींचे वेतन पूर्वी मोठ्या गटाच्या उत्पादनावर ठरत असे, ते प्रयोगात त्यांच्याच लहान गटाच्या उत्पादनावर ठरू लागले होते. म्हणजे कष्टाचा मोबदला थेट हाती पडू लागला होता. शिवाय सहकार्य न करणाऱ्या, फार बोलणाऱ्या दोघींना १९२८ च्या आरंभी गटातून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. प्रकाशाच्या प्रयोगाची मूळ आकडेवारी पुन्हा तपासून लेविट व लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली दाखविले की, सांगितला जातो तसा नाट्यमय परिणाम त्या आकड्यांत नाही. तेव्हा ‘गोड बोलले की काम होते, पगाराचे काय एवढे?’ असा सोयीस्कर अर्थ कोणी काढील तर तो या अभ्यासाचा विपर्यास होईल. आपल्या व्यवसायातील अनेक सहाय्यक तुटपुंज्या वेतनावर राबतात; त्यांच्यापुढे मानवी संबंधांवर प्रवचन देण्यापूर्वी वेतनाची वही उघडून पाहणे उचित होय.

आपल्या देशातही या दिशेने लवकरच काम झाले. अहमदाबाद येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, म्हणजे ‘अटिरा’त, मानवी संबंधांचा विभाग कमला चौधरी यांनी सांभाळला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवर काम करणाऱ्या विणकरांचा अभ्यास केला. यंत्रे नवी व उत्तम होती, तरी अपेक्षित उत्पादन होत नव्हते. प्रत्येक कामगार एकेका तुटक कामाला जुंपलेला असे व कोण कोणाचा सोबती हेच स्पष्ट नव्हते. ठरावीक मागांची एकत्रित जबाबदारी लहान गटांकडे सोपविण्याची कल्पना पुढे येताच कामगारांनी स्वतःच आपापले गट जुळविले, आणि उत्पादन व प्रत दोन्हींत सुधारणा झाली.

आरोग्याशी थेट संबंध

आरोग्याच्या बाजूने पाहता लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास महत्त्वाचा आहे. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचारी सहभागी होते. यांपैकी कोणी दरिद्री नव्हते, कोणी जोखमीचे अंगमेहनतीचे काम करीत नव्हते. तरीही ज्यांना आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी होते, त्यांच्यात पुढे हृद्विकाराचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. जबाबदारी भरपूर आणि अधिकार शून्य ही अवस्था शरीराला सोसत नाही, असा याचा सरळ अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत ‘बर्नआउट’ ही अवस्था रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायजन्य अवस्था म्हणून नोंदविली आहे. शक्तिक्षय, कामाविषयी मनाने आलेली दुरावलेली वा कडवट वृत्ती आणि कार्यक्षमता घटल्याची भावना ही तिची तीन अंगे होत. अशा रुग्णास केवळ रसायन देऊन परत त्याच ठिकाणी पाठविणे म्हणजे निदानपरिवर्जन न करता शमन करणे होय.

संहितांचा दृष्टिकोन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत. आपण हा अध्याय परीक्षेसाठी पाठ करतो व वैद्याच्या श्रेष्ठत्वाचे वचन तेवढे लक्षात ठेवतो. परंतु या चतुष्पादाकडे एक ‘कार्यस्थळ’ म्हणून पाहिल्यास वेगळाच अर्थ उलगडतो. रोग्याच्या गुणांत अभीरुत्व व ज्ञापकत्व आहे. म्हणजे त्याने न भिता आपली अवस्था सांगावयाची आहे. मग तो भिणार नाही असे वातावरण निर्माण करणे कोणाचे कर्तव्य? परिचारकाच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांच्या जोडीला अनुराग आहे. उपचारज्ञता शिकविता येते. अनुराग मात्र हुकमाने उत्पन्न होत नाही. वैद्य प्रधान आहे हे खरेच, पण आचाऱ्याला भांडे, सरपण आणि अग्नी यांची साथ लागते हा दृष्टांतही त्याच अध्यायात आहे. प्रधान असणे म्हणजे एकटे पुरेसे असणे नव्हे.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात धारणीय वेग सांगितले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या हे मनाचे वेग तर आवरावेतच. परंतु वाणीचेही वेग आवरावेत असे आचार्य सांगतात. कठोर बोलणे, अति बोलणे, चहाडी करणे, खोटे बोलणे आणि अवेळी बोलणे हे ते वेग. कोणत्याही कचेरीतील कलहांची यादी करावी. ती या पाच प्रकारांबाहेर क्वचितच जाईल. त्यांतही ‘अवेळी बोलणे’ हा प्रकार आम्हांस फार सूक्ष्म वाटतो. बोलणे खरे असते, आवश्यकही असते, पण चारचौघांत, रुग्णासमोर, कनिष्ठांसमोर बोलल्यामुळे ते शल्यासारखे रुतते.

विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत : संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा. पहिलीत एकमेकांशी न भिता बोलावे, न भिता विचारावे, हरण्याच्या भीतीने खिन्न होऊ नये, आणि दुसरा हरला तर हर्ष करू नये वा त्याचा गवगवा करू नये, असा उपदेश आहे. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या नेतृत्वाखालील, एकजुटीच्या गटांत चुकांची नोंद कमी असेल अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात ती अधिक आढळली. कारण तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती. इतरत्र चुका होत होत्या, पण झाकल्या जात होत्या. १९९९ साली त्यांनी या निर्भयतेला ‘मानसिक सुरक्षितता’ या संकल्पनेचे रूप दिले. आमच्या मते संधायसंभाषा ही याच जातीची गोष्ट आहे. आचार्यांनी ती दोन विद्वानांच्या चर्चेपुरती सांगितली; तिची मर्यादा परिचारकापर्यंत वाढविणे हे आपले काम आहे.

आमच्या चिकित्सालयातील एक प्रसंग

आता जे लिहावयाचे ते आमच्याच दोषाविषयी. आमच्या लहानशा आंतररुग्ण विभागात एक अनुभवी परिचारिका गेली अनेक वर्षे पंचकर्माचे काम पाहतात. सर्वजण त्यांना मावशी म्हणतात. एकदा त्यांनी तक्रार केली की, तेल तापविण्याची शेगडी जुनी झाली आहे, धूर होतो. आम्ही नवी शेगडी आणली. पंधरा दिवसांनी त्यांनी हजेरीपटाविषयी तक्रार केली. ती दूर केली. मग नव्या मदतनीस मुलीविषयी कुरबूर सुरू झाली. ‘मावशींचे वय झाले, स्वभाव किरकिरा झाला,’ असे निदान करून आम्ही मोकळे झालो.

त्याच सुमारास एककुष्ठाच्या एका रुग्णास विरेचनापूर्वी महातिक्तक घृताचे वर्धमान मात्रेत स्नेहपान चालू होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाईत होतो. क्षुधा, उद्गारशुद्धी, लघुता यांची विचारपूस स्वतः न करता आदल्या दिवसाच्या कागदावर दृष्टी टाकली आणि मात्रा वाढवून लिहिली. मावशींनी घृत मोजले, कोमट केले आणि रुग्णास दिले. दुपारपर्यंत रुग्णास हृल्लास, उदरगौरव व नंतर छर्दी सुरू झाली. स्नेहपान थांबवावे लागले. लंघन व उष्णोदकाने दोन दिवसांत रुग्ण सावरला, परंतु पूर्वकर्म वाया गेले आणि त्या गृहस्थांची मोठ्या खटपटीने मिळविलेली रजाही वाया गेली.

सायंकाळी मावशी स्वतःच केबिनच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, ‘सर, काल रात्री त्यांनी जेवणाला हात लावला नव्हता. ढेकरांना तुपाचा वास येतोय म्हणत होते. मला सकाळीच कळलं होतं की आज तूप वाढवायला नको.’

‘मग मावशी, सांगितलं का नाही?’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘गणपतीच्या आधी त्या बस्तीच्या बाईंच्या वेळी सांगितलं होतं. तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, डॉक्टर तुम्ही आहात की मी? त्या दिवसापासून ठरवलं, सांगितलं तेवढं करायचं.’

तो प्रसंग आम्ही साफ विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. शेगडी, हजेरीपट व मदतनीस मुलगी ही सर्व लक्षणे होती आणि हेतू आमच्या जिभेवर होता. रुग्णास प्रश्नपरीक्षेने विचारणारे आम्ही, आमच्याच चतुष्पादातील एका पादाला कधीही विचारले नव्हते. क्रोधाचा वेग न धारण केल्याने होणारा अपाय आम्ही रुग्णांना समजावून सांगत असतो. आमच्या धृतिभ्रंशाचे फळ मात्र एका निरपराध रुग्णाने भोगले. त्या रुग्णास आम्ही घडले ते सांगितले आणि पुढील पूर्वकर्माचे शुल्क घेतले नाही. मावशींची क्षमा मदतनीस मुलीसमोर मागितली, कारण अपमानही चारचौघांत झाला होता.

आम्ही केलेले बदल

त्यानंतर आम्ही काही साधे बदल केले. ते अन्य वैद्यांनाही करता येण्याजोगे आहेत, म्हणून येथे देत आहोत.

१) सकाळी रुग्णफेरीपूर्वी दहा मिनिटे सर्वांनी एकत्र उभे राहावयाचे. प्रथम परिचारिका व मदतनीस बोलतात, वैद्य शेवटी बोलतो. वैद्य प्रथम बोलला की इतरांचे बोलणे ‘होय सर’ एवढ्यावर संपते, असा अनुभव आहे.

२) स्नेहपान, वमन, विरेचन व बस्ती यांपूर्वी परिचारिकेने ‘थांबा’ म्हटले तर कर्म थांबते. कारण नंतर तपासावयाचे. शंका निराधार ठरली तरी रागवायचे नाही.

३) चूक दाखवावयाची झाल्यास रुग्णासमोर नाही. प्रशंसा मात्र रुग्णासमोर करावी.

४) महिन्यातून एकदा प्रत्येक सहाय्यकाशी स्वतंत्र बोलणे. त्यात आपण उपदेश करावयाचा नाही, केवळ ऐकावयाचे. हॉथॉर्नच्या मुलाखतकारांना जे शिकण्यास वेळ लागला, ते आम्हांसही सोपे गेले नाही.

५) वेतन, सुटी व कामाचे तास लेखी.

हे सर्व शंभर टक्के यशस्वी झाले असा आमचा दावा नाही. आंतरवासी विद्यार्थी अद्याप सकाळच्या बैठकीत जमिनीकडे पाहत उभे राहतात. महाविद्यालयांत त्यांना प्रश्न विचारण्याची सवय लागत नाही हे त्याचे एक कारण असावे. आमचाही आवाज अधूनमधून चढतो. पण आता तो चढला की मावशी हातातील भांडे सावकाश खाली ठेवतात, आणि आम्हांस समजते.

रुग्णचिकित्सेतील उपयोग

कार्यस्थळीच्या ताणाने आलेल्या रुग्णास विचारताना ‘ऑफिसात टेन्शन आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी असतो, कारण त्याचे उत्तर ‘आहे’ एवढेच येते. त्याऐवजी, कामाचा क्रम स्वतः ठरविता येतो काय, अडचण कोणाला सांगता येते, जेवण कोणाबरोबर होते, रविवारी सायंकाळी प्रकृती कशी असते, असे विचारावे. यातून नियंत्रण किती, आधार किती व भय किती याचा अंदाज येतो. सत्त्वपरीक्षेत प्रवर, मध्यम, अवर असा निर्णय करताना हे लक्षात ठेवावे की, प्रवर सत्त्वाचा मनुष्यही सततच्या अपमानाने खचतो. सत्त्वावजयाने रुग्णाचे मन बळकट करावे, परंतु सर्व दोष रुग्णाच्या मनावर टाकू नये. लैंगिक छळासारखी बाब असेल तर ती सहन करण्याचे बळ देणे ही चिकित्सा नव्हे. २०१३ च्या कायद्यानुसार १० वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे, हे रुग्णेस सांगणे आपले कर्तव्य आहे.

समारोप

वैद्यबंधुभगिनींनो, औषधांची संपत्ता, यंत्रांची अद्ययावतता व वास्तूची शोभा यांविषयी आपण या पानांतून नेहमी चर्चा करतो. ती आवश्यकच आहे. परंतु चार पादांपैकी एक पाद आपल्याशी बोलेनासा झाला, तर उरलेल्या तिघांवर चिकित्सा कशी उभी राहणार? आपल्या चिकित्सालयात सर्वांत कमी वेतन घेणारी व्यक्ती आपली चूक आपल्याला न भिता सांगू शकते काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाने उद्या सकाळी स्वतःस विचारावा. उत्तर ‘होय’ असेल तर आनंद आहे. उत्तर ठाऊक नसेल, तर ते आपणांस द्यावयाचे नसून त्या व्यक्तीस विचारावयाचे आहे.

इत्यलम्।